भागात नवं टॅपहाउस उघडलंय? पहिल्या खेपेला जाण्याआधी

मी पहिल्यांदा टॅपहाउसमध्ये, म्हणजे टॅपमधून (नळातून) थेट ग्लासात बिअर ओतून देणाऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा समोरच्या फळ्यावर वीसेक नावं लिहिलेली होती. प्रत्येक नावापुढे दोन-तीन आकडे, एकही शब्द ओळखीचा नाही, मागे चारजण खोळंबलेले आणि काउंटरपलीकडचा मुलगा विचारतोय, "काय देऊ?" मी सगळ्यात वरचं नाव सांगितलं. मोठा ग्लास आला, बिअर भलतीच कडू निघाली आणि हे आपल्यासाठी नाही अशी समजूत करून घेऊन मी बाहेर पडलो. ती समजूत दोन वर्षं टिकली. त्याच फळ्यावर खाली कुठेतरी मला आवडेल अशी बिअर होती, फक्त ती कशी मागायची हे ठाऊक नव्हतं. तुमच्या भागात असं ठिकाण नुकतंच सुरू झालं असेल आणि जावं की नाही या विचारात असाल, तर त्या दिवशी मला कुणीतरी जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

तुमच्याकडच्या कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण झालं असेल तरच पुढचं वाचा, आणि जाताना वयाचा पुरावा सोबत ठेवा. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. गरोदरपणात किंवा अल्कोहोलशी न जुळणारी औषधं चालू असताना तर नाहीच.

टॅपहाउस काय करतं

जिथे बिअर बनतेही आणि विकलीही जाते ती मायक्रोब्रुअरी किंवा ब्रूपब. टॅपहाउसमध्ये बहुतेक वेळा काहीच बनत नाही. वेगवेगळ्या छोट्या ब्रुअरींची बिअर केगमधून, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपातून, तिथे येते, थंड खोलीत राहते आणि बारीक नळ्यांमधून टॅपपर्यंत पोहोचते. बनवणाऱ्याचं काम केगचं तोंड बंद झालं तिथे संपतं. तिथून तुमच्या ओठांपर्यंतचा प्रवास पूर्णपणे या ठिकाणाच्या हातात असतो: कुठली बिअर निवडायची, केग किती दिवस ठेवायचा, नळ्या कधी धुवायच्या, ग्लास कसे घासायचे, ओतायचं कसं. महिनाभर राबून बनवलेली उत्तम बिअर या शेवटच्या काही फुटांत सहज बिघडते.

म्हणून नवं टॅपहाउस जोखायचं ते या शेवटच्या टप्प्यावर. त्यासाठी चवीचा जाणकार असण्याची गरज नाही, डोळे आणि नाक पुरेसं आहे. माझा नियम सोपा आहे. नव्या ठिकाणी जास्त फेस आला तर माफ करावा, अस्वच्छता माफ करू नये. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

कधी जायचं

उद्घाटनाच्या आठवड्यात जाऊ नका. गेलात तरी त्यावरून मत बनवू नका. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि बऱ्याच प्रकारांत तो एका लिटरमागे साधारण अडीच लिटर असतो. एवढा वायू शांतपणे ग्लासात उतरावा यासाठी तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो: केगचं तापमान, त्यावरचा वायूचा दाब आणि नळीची लांबी-जाडी. केग दोन अंशांनी जरी गरम झाला तरी वायू सुटू लागतो आणि टॅपमधून नुसता फेस येतो. नव्या ठिकाणी थंड खोलीचं दार सारखं उघडत असतं, गाडीतून उतरवलेल्या केगना थंड व्हायला वेळ मिळालेला नसतो, ओतणाऱ्यांचे हात बसलेले नसतात. पहिले काही आठवडे फेसाशी झटापट चालणारच. हा निष्काळजीपणा नाही, जुळवाजुळव आहे.

पहिल्या भेटीसाठी आठवड्याच्या मधल्या वारची, संध्याकाळ चढण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते, आणि पहिल्या खेपेला तुम्हाला बिअरपेक्षा ती सवड जास्त उपयोगी पडते. पोटभर जेवून जा, कारण रिकाम्या पोटी अल्कोहोल रक्तात फार लवकर चढतं. परतायचं कसं हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. चालत जाता येण्याजोगं अंतर हा भागातल्या टॅपहाउसचा मोठा फायदा आहे, तो घ्या. गाडी घरी राहू दे, दुचाकीही.

जमल्यास टेबलापेक्षा काउंटरवर बसा. तिथून टॅप दिसतात, ग्लास धुताना दिसतात, ओतताना दिसतं.

फळा वाचायला शिका

फळ्यावर नावाशेजारी बहुधा प्रकार, एबीव्ही (अल्कोहोलचं प्रमाण), कधी आयबीयू (कडवटपणाचं माप), आणि ग्लासचं माप लिहिलेलं असतं. नाव सोडून द्या. नावं मौजेची असतात, त्यांतून चवीचा पत्ता लागत नाही. प्रकार वाचा.

बिअरचे घटक मोजून चार. बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजवून, मोड आणून वाळवला की त्याला मॉल्ट म्हणतात. गोडवा, रंग आणि दाटपणा त्यातून येतो. हॉप्स ही एका वेलीची हिरवी फुलं; कडवटपणा आणि फळांचा, फुलांचा किंवा पाइनचा वास त्यांचा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं. चौथं पाणी. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी वापरावं असा हुकूम निघाला, त्यात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण आंबवणारा सूक्ष्मजीव तेव्हा कुणाला माहीत नव्हता. शुद्ध यीस्ट वेगळं काढून वाढवण्याची पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी 1883 मध्ये बसवली.

यीस्टवरूनच बिअरची दोन मोठी घराणी पडतात, लागर आणि एल. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण 7 ते 13 अंशांना, संथपणे काम करतं आणि नंतर बिअर कित्येक आठवडे थंडीत मुरते. चव स्वच्छ, नेटकी. आज जगभर बिअर म्हटल्यावर जी सोनेरी, पारदर्शक गोष्ट डोळ्यांसमोर येते तिचं मूळ बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन गावात आहे. तिथे योसेफ ग्रोल यांनी 1842 मध्ये फिकट मॉल्टची लागर बनवली आणि गावावरून तिला पिल्सनर नाव पडलं. एलचं यीस्ट मात्र 15 ते 24 अंशांच्या उबेत झपाट्याने काम करतं आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास मागे ठेवतं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग, तो वास यीस्टनेच तयार केलेला असतो. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा पुढचा ग्लास मी अर्धा वेळ नुसता हुंगत बसलो होतो.

मग हॉप्सवाल्या बिअर. इथे नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबतो. हॉप्स तासभर उकळले की त्यातली आम्लं बदलतात आणि कडवटपणा उतरतो. वास मात्र बराचसा वाफेबरोबर जातो. तेच हॉप्स उकळीच्या शेवटी किंवा आंबवण झाल्यावर घातले तर कडवटपणा थोडा आणि वास भरपूर. त्यामुळे आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सवाल्या बिअरचा सगळ्यात गाजलेला प्रकार) म्हणजे कडूच असं सरसकट धरू नका. पारदर्शक, सोनेरी-तांबूस, जुन्या अमेरिकी वळणाची आयपीए खणखणीत कडू असते. गढूळ दिसणारी, जिला हेझी म्हणतात ती आयपीए फळांच्या रसासारखी वास मारते आणि जिभेला मऊ लागते. माझ्या त्या पहिल्या ग्लासात पहिल्या प्रकारची होती. दुसऱ्या प्रकारची असती तर दोन वर्षं वाया गेली नसती.

काळ्या बिअरला बिचकू नका. स्टाउट आणि पोर्टर काळ्या दिसतात त्या खरपूस भाजलेल्या थोड्याशा मॉल्टमुळे. रंगाचा आणि अल्कोहोलचा काही संबंध नाही. आयर्लंडच्या गिनेस कंपनीच्या टॅपवरच्या स्टाउटमध्ये अल्कोहोल जेमतेम 4.2 टक्के असतं, म्हणजे बऱ्याच सोनेरी लागरपेक्षा कमी. कोरी कॉफी आवडत असेल तर स्टाउटपासून सुरुवात करायला हरकत नाही. सावर म्हणजे आंबट बिअर. हिच्यात यीस्टच्या जोडीला दही लावणाऱ्या जिवाणूंच्या नात्यातले जिवाणू काम करतात. ज्यांना बिअरची चवच आवडत नाही असे लोक सावरवर खूश झालेले मी पाहिलेत.

आता आकडे. आयबीयू हे कडवटपणाचं माप, ढोबळमानाने एका लिटरमध्ये हॉप्समधून उतरलेली कडू आम्लं किती मिलिग्रॅम आहेत ते. हलक्या लागरमध्ये 8 ते 15, पिल्सनरमध्ये 25 ते 45, आयपीएमध्ये 40 ते 70 असं साधारण असतं. पण जिभेला लागणारा कडवटपणा गोडव्यावरही अवलंबून असतो. दाट, गोडसर स्टाउटचा आयबीयू 50 असला तरी ती 40 आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा सौम्य लागू शकते. हा आकडा एकाच प्रकारातल्या दोन बिअरची तुलना करायला वापरा, एरवी फार मनावर घेऊ नका.

एबीव्ही मात्र मनावर घ्यायलाच हवा. शंभर मिलिलिटर बिअरमध्ये किती मिलिलिटर अल्कोहोल आहे ते हा आकडा सांगतो. क्राफ्ट बिअरमध्ये, म्हणजे अशा छोट्या ब्रुअरींच्या बिअरमध्ये, तो 3 पासून 12 पर्यंत कुठेही असू शकतो, आणि ग्लास मात्र सारखेच दिसतात. मापाने गुणून बघा: साडेचार टक्क्यांची 500 मिलिलिटर आणि नऊ टक्क्यांची 250 मिलिलिटर, दोन्हींत अल्कोहोल तेवढंच, 22.5 मिलिलिटर, म्हणजे जवळपास 18 ग्रॅम. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करतं. त्या एका ग्लासाचा निचरा व्हायला दोन तास किंवा त्याहून जास्त लागतात. कॉफी पिऊन किंवा तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही.

काउंटरवर काय बोलायचं

प्रकारांची नावं पाठ असायची गरज नाही. एरवी काय आवडतं आणि काय नको ते साध्या भाषेत सांगा. "कडू आवडत नाही, हलकं काहीतरी सुचवा." "फळांचा वास चालेल, गोड नको." "आजवर फक्त बाटलीतली नेहमीची लागर प्यायलोय, त्याच्या एक पाऊल पुढचं काय घेऊ?" चांगला बारटेंडर यावर दोन-तीन नावं सांगतो आणि बहुधा चव बघायला घोटभर देतोही. न दिल्यास मागा: "घोटभर चव बघायला मिळेल का?" टॅपहाउसमध्ये हे मागणं अगदी रीतसर आहे. दोन-तीन चवी घेऊन निवड करावी, मात्र दहा चवी मागून मागच्यांना ताटकळत ठेवू नये.

एक प्रश्न मी प्रत्येक नव्या ठिकाणी विचारतो: "सगळ्यात ताजा केग कुठला लावलाय?" याचं उत्तर पटकन आलं तर समजायचं की इथे केगच्या तारखांवर लक्ष आहे. पाश्चराइझ न केलेली केगमधली बिअर थंड ठेवली तर साधारण 45 ते 60 दिवस चांगली राहते. त्यातही हॉप्सचा वास सर्वांत आधी उडतो, म्हणून आयपीएच्या बाबतीत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दाट, जास्त अल्कोहोलची स्टाउट जुनी असली तरी फारसं बिघडत नाही.

पहिल्या भेटीत मोठा ग्लास घेऊच नका. लहान मापाचा घ्या, नाहीतर फ्लाइट मागा. फ्लाइट म्हणजे एका लाकडी फळीवर ठेवलेले चार किंवा पाच छोटे ग्लास, प्रत्येकात साधारण 100 ते 150 मिलिलिटर. चार वेगळ्या घराण्यांतल्या घ्या: एक पिल्सनर, एक गव्हाची, एक हेझी आयपीए, एक स्टाउट. एका बैठकीत सगळा मुलूख बघून होतो. पण फ्लाइट छोटी दिसते म्हणून हलकी समजू नका. 120 मिलिलिटरचे चार ग्लास सरासरी सहा टक्क्यांचे धरले तर जवळपास 23 ग्रॅम अल्कोहोल होतं.

फ्लाइटचा क्रम रंगावरून लावू नका, जोरावरून लावा. सौम्य आधी, मग सुगंधी, मग कडू, भाजकी किंवा जास्त अल्कोहोलची शेवटी. कडू आयपीए आधी प्यायलात तर नंतरची नाजूक पिल्सनर पाण्यासारखी लागेल, आणि त्यात दोष पिल्सनरचा नसेल. प्रत्येक दोन ग्लासांमध्ये साधं पाणी प्या. पाणी न मागता समोर आणून ठेवणारं टॅपहाउस मला लगेच आपलंसं वाटतं.

ओतताना आणि ग्लास हातात आल्यावर

आता डोळ्यांचं काम.

ओतणारा ग्लास तिरका धरतो आणि टॅपची मूठ एका झटक्यात पूर्ण उघडतो. अर्धवट उघडली की फेस उसळतो. शेवटी ग्लास सरळ करून वर दोन बोटं फेस ठेवतो. टॅपचं तोंड बिअरमध्ये बुडता कामा नये आणि ग्लासच्या काठालाही लागता कामा नये. बुडालं तर त्याला चिकटलेली बिअर वाळते, तिथे जंतू वाढतात आणि ते पुढच्या प्रत्येक ग्लासात उतरतात. ही गोष्ट नवं ठिकाण म्हणून मी सोडून देत नाही, कारण तिला यंत्रांची जुळवाजुळव लागत नाही, फक्त शिकवण लागते.

फेसाबद्दल अनेकांचा समज असतो की फेस म्हणजे मापात मारलेली बिअर. ग्लासवर मापाची रेघ असेल आणि बिअर तिथवर असेल तर वरचा फेस हवाच. मॉल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मिळून तो तयार होतो, बिअरचा सगळा वास तोच नाकापर्यंत आणतो आणि खालचा वायू भराभर उडून जाऊ देत नाही. फेस नसलेला काठोकाठ ग्लास चांगला समजू नका. बिअर रेघेच्या बरीच खाली असेल तर भरून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

ग्लास आला की उजेडाकडे धरा. आतल्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे फक्त वर चढताना दिसतात, भिंतीला धरून बसत नाहीत. पिताना प्रत्येक घोटानंतर भिंतीवर फेसाची जाळीदार कडी उमटत गेली तर ग्लास उत्तम धुतलेला आहे. तीन घोटांनंतर तीन कडी मोजता येतात. मला ती मोजायला फार आवडतं. ओतण्याआधी रिकामा ग्लास पाण्याच्या छोट्या कारंज्यावर उलटा दाबून ओला करतात, तीही चांगली खूण.

फ्रीजरमधून काढलेला, बर्फ जमलेला ग्लास दिला तर साधा मागा. अति थंडीने जीभ बधिर होते आणि बर्फाच्या कणांमुळे फेस उसळतो. लागर 3 ते 7 अंशांना छान लागते, आयपीए त्याहून थोडी कमी थंड म्हणजे 7 ते 10 ला, आणि दाट स्टाउट 10 ते 13 ला. स्टाउट फार थंड आली तर ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटं थांबा, पहिल्या आणि शेवटच्या घोटात जमीनअस्मानाचा फरक जाणवेल.

काही स्टाउटमध्ये कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन असतो. गिनेसने 1959 मध्ये ही पद्धत आणली. ओतल्यावर ग्लासात बारीक बुडबुडे खाली वाहताना दिसतात आणि सायीसारखा दाट फेस बसतो. तो बसेपर्यंत वाट बघा.

बाहेर उन्हात बसला असाल तर ग्लास सावलीत ठेवा. हॉप्समधली द्रव्यं उजेडात फुटतात आणि उग्र, कुबट वास तयार होतो. कडक उन्हात याला काही मिनिटं पुरतात. केग स्टीलचा असल्यामुळे टॅपपर्यंत बिअर या दोषापासून सुरक्षित असते. त्यामुळे ग्लासात तो वास आला तर बिअर बहुधा टेबलावरच बिघडलेली असते.

पिण्याआधी हुंगा. ग्लास हलकासा फिरवून नाक फेसाजवळ न्या, मग छोटा घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरू द्या. कडवटपणा गिळल्यानंतरच नीट कळतो, म्हणून दुसरा घोट घेण्याची घाई करू नका. पहिल्या घोटावरून मत ठरवू नका, तिसऱ्यावरून ठरवा.

आवडली नाही की बिघडलेली आहे?

हा फरक कळू लागला की नवखेपण अर्धं संपलं. न आवडलेली बिअर परत करायची नसते, बिघडलेली मात्र परत करायची असते. बिघाडाच्या खुणा ठरलेल्या आहेत. आंबट प्रकार नसताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर बहुतेक वेळा नळ्या धुतलेल्या नसतात. लोण्यासारखा वास आंबवण अपुरी राहिल्यामुळे येतो, तसाच घाणेरड्या नळ्यांमुळेही. काही चेक लागरमध्ये त्याची हलकी छटा मुद्दाम ठेवलेली असते, तेवढा अपवाद. ओल्या पुठ्ठ्यासारखी, विटकी चव आली तर बिअर जुनी आहे किंवा तिला हवा लागली आहे. उकडलेल्या मक्याचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास हे बहुधा बनवतानाचे दोष, त्यात टॅपहाउसचा वाटा फक्त निवडीपुरता.

नळ्या दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवायच्या असतात आणि साधारण तीन महिन्यांनी आम्लाने, म्हणजे आत जमलेला दगडासारखा थर निघतो. "नळ्या शेवटच्या कधी धुतल्या?" असं विचारण्यात काहीही गैर नाही. मी विचारतो, आणि चांगल्या ठिकाणी लोक अभिमानाने तारीख सांगतात.

बिघडलेली वाटली तर अर्धा ग्लास तसाच सोडून मुकाट्याने निघून जाऊ नका. दोन घोटांनंतरच काउंटरवर जा, आवाज न चढवता सांगा: "याला व्हिनेगरसारखा वास येतोय, तुम्ही बघता का?" ग्लास तीन-चतुर्थांश संपवून तक्रार केली तर कुणी मनावर घेणार नाही. नव्या ठिकाणाला अशा माणसाची खरी गरज असते. कुठल्या टॅपवर काय झालं हे त्यांना त्याच दिवशी कळलं तर ती एक नळी दुरुस्त होते, नाहीतर महिनाभर सगळ्यांना तीच मिळत राहते. यावर ते ग्लास हुंगून बघतात, की वाद घालतात? माझ्यासाठी त्या ठिकाणाबद्दलचा निकाल इथेच लागतो. एकदा एका ठिकाणी मला "क्राफ्ट बिअर अशीच असते" असं उत्तर मिळालं. तिथे मी पुन्हा गेलो नाही.

किती, आणि थांबायचं कधी

पहिल्या भेटीत एक फ्लाइट, किंवा दोन लहान ग्लास. त्यापुढे जिभेला फरक कळत नाही, मग चव बघायला येण्याचा हेतूच उरत नाही. सोबतच्याला आग्रह करू नका. न पिणाऱ्या सोबत्याला अल्कोहोलविरहित बिअर मिळते का विचारा, मात्र अशा बऱ्याच बिअरमध्ये 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं हे त्याला सांगा. ज्याला ते बिलकूल नको आहे त्याच्यासाठी लेबलवर 0.0 आहे का बघायला हवं. आणि बिअर सातूची असते, तेव्हा ग्लुटेन चालत नसेल तर आधी विचारूनच घ्या.

घरी न्यायची असेल तर काही ठिकाणी ग्राउलर भरून देतात, म्हणजे झाकणाची मोठी बाटली, बहुधा एक किंवा 1.9 लिटरची. कायद्याने हे सगळीकडे चालत नाही. चालत असेल तर बाटली स्वच्छ आणि थंड करून न्या, भरल्यावर सरळ फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत उघडा आणि उघडल्यावर त्याच दिवशी दोघा-तिघांत वाटून संपवा. तापलेल्या गाडीत ती विसरलात तर आतला दाब वाढून काच फुटू शकते.

निघताना आवडलेल्या एका बिअरचं नाव, प्रकार आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा, नुसतं "मस्त" लिहू नका. वास कशासारखा होता ते लिहा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जा आणि फळ्यावर ती असेल तर नवं काही मागण्याआधी तिचाच लहान ग्लास घ्या. वास तोच, फेस तसाच, भिंतीवर कडी उमटताहेत, तर आत केगपाशी कुणीतरी नीट लक्ष देतंय.